सबस्टेशनातल्या चार टेस्ट टीम

सबस्टेशनात किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप लागतात. पॅनलच्या मागं गांधीलमाशी पोळं करते ना, तसं. आज झाडून काढलं की महिन्याभरात नवं तयार! आमचं सबस्टेशन लातूरहून चाकूरला जाताना लागतं, चारी बाजूंनी सोयाबीन. माणसं चारच. मी माधव, ऑपरेटर, मूळचा मुखेडचा. व्यंकट, लाईनमन. मौलामामू उदगीरचे, सगळ्यात जुने तंत्रज्ञ. आणि कदम मॅडम, इंजिनिअर, नांदेडच्या. आम्हा चौघांचा क्रिकेटवरून एकमेकांवर जेवढा संशय आहे, तेवढा पोलीस ठाण्यातही नसंल.

खेळाडूंची नावं मात्र मी सांगणार नाही. एक जरी नाव घेतलं तर तुम्ही किस्सा सोडून माझ्याशीच भांडत बसाल. अनुभव हाय!

* * *

सुरुवात मॅडमनी केली. एका दुपारी म्हणाल्या, "प्रत्येकानं आपली ड्रीम टीम लिहा. फक्त टेस्ट. कुठलाही देश, कुठलाही काळ. अकरा नावं."

आम्ही चौघं चार कोपऱ्यांत, एकमेकांकडं पाठ करून बसलो. व्यंकटनं तर कागदावर हेल्मेट पालथं घातलं आणि त्याच्या आत हात घालून लिहिलं. दहावीच्या पेपरालाही एवढा बंदोबस्त नव्हता.

चिठ्ठ्या उघडल्या, तर चौघांत नऊ नावं तीच!

मॅडमचा चेहरा बदलला. "कॉपी झालीये. कुणी कुणाचं बघितलं?"

मामूंनी माझ्याकडं बघितलं, मी व्यंकटकडं. व्यंकट उसळलाच, "मॅडम, दुनियेत चांगले नऊच हायत, त्याला म्या काय करू?"

तेव्हापासून नियम झाला. चिठ्ठी पाकिटात, पाकिटाला डिंक, आणि पाकीट ज्याच्या त्याच्या लॉकरमध्ये.

* * *

मौलामामूंचा कुणावरच विश्वास नाही, मेलेल्यांवर तर नाहीच. जुन्या काळातला एक फलंदाज आहे, सगळं जग त्याला मानतं. आम्ही तिघांनी डोळे झाकून घेतला. मामूंनी नाही घेतला.

मॅडम म्हणाल्या, "मामू, त्याच्याएवढी सरासरी दुसऱ्या कुणाची आहे का?"

मामू म्हणाले, "मॅडम, तीस बरस से मैं मीटर देखरा. रीडिंग लई चांगली दिसली का पहिले पूछता, रीडिंग लिया कौन?"

"अहो, लिहून ठेवलंय सगळं. फोटोसुद्धा आहेत."

"फोटो तो मीटर के बी रहते!"

आदल्याच दिवशी मीटरच्या एका चुकीच्या फोटोवरून मॅडमनी तासभर फोनवर बोलणी खाल्ली होती.

* * *

एकदा व्यंकटची चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहिली आणि धुवायच्या आधी त्याच्या बायकोच्या, सुशीलावहिनींच्या हाती लागली. अकरा नावं आणि खाली लिहिलेलं, 'राखीव एक'. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागलेली. वहिनींनी हिशोब जुळवला. अकरा सदस्यांची ग्रामपंचायत, अकरा नावांची यादी. नवरा गुपचूप पॅनल उभं करायलाय!

त्यांनी शेजारणीला विश्वासात घेऊन सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

दुसऱ्या दिवशी सरपंच स्वतः सबस्टेशनात. सोबत पेढे. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "व्यंकटराव, आमचं काय चुकलं? सरळ नावच कापलं?"

व्यंकटला काही कळेना. "सरपंच, म्या नोकरीतला माणूस. कसलं पॅनल?"

"फसवू नका. यादी हाय तुमच्याजवळ."

शेवटी व्यंकटनं यादीच त्यांच्या हातात दिली. सरपंचांनी चष्मा लावला. एकेका नावावर बोट ठेवत वरपासून खालपर्यंत वाचली, परत एकदा वाचली. मग चष्मा काढून शांतपणे म्हणाले,

"निवडून यायचं न्हाई हे. समदे बाहेरगावचे हायत!"

पेढे मात्र ते परत घेऊन गेले.

* * *

मध्ये माझी टीम फुटायला लागली. मी बदल केला, की दुसऱ्या दिवशी मामू सहज विचारणार, "क्या माधव, डावखुरा निकाल दिये क्या?" पाकिटाचा डिंक तर जसाच्या तसा!

मी सापळा लावला. माझ्या टीममध्ये एक खोटाच गोलंदाज घातला. बॉब रॉव, वेस्ट इंडिज, डावखुरा, अतिवेगवान. खरं म्हणजे बाबूराव. माझा मामा, मुखेडला टेलर आहे.

दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी चहाला बसलो तर मामू सुस्कारा सोडून म्हणाले, "बॉब रॉव! क्या यॉर्कर था उसका. रेडिओ पे सुना मैं."

व्यंकटनं मान डोलावली. "हाव ना. पण गुडघ्यानं दगा दिला गड्याला."

मॅडमही मागं हटल्या नाहीत. "मला तो जरा ओव्हररेटेड वाटतो."

मी टेबलावर हात आपटला. "सापडले तिघं! आता सांगा, माझं पाकीट कोण फोडतं?"

मॅडमनी लॉगबुक माझ्यापुढं सरकवलं. मी चिठ्ठी लॉगबुकावर ठेवून लिहायचो, तेही पेन दाबून. खालच्या कोऱ्या पानावर माझी अख्खी टीम उमटलेली होती. उजेडात तिरपं धरलं की बॉब रॉवसकट वाचता येत होती.

मामा इकडं आला की अजून विचारतो, तुझ्या हापिसातले लोक मला बघून का हसतात म्हणून.

* * *

मॅडमना बघायला नांदेडहून स्थळ आलं. मुलगा बँकेत. मॅडमनी पोहे पुढं केले आणि विचारलं, "तुमची टेस्टची ड्रीम टीम?"

मुलानं एका दमात अकरा नावं सांगितली. मॅडमच्या टीममधली दहा!

मॅडम सोमवारी आल्या त्या रागातच. "मुलगा पाठ करून आला होता. इथून कुणीतरी टीम पुरवलीये त्याला."

मी म्हणालो, "मग नकार दिला?"

"नकारच देणार होते. म्हटलं एक शेवटचं विचारू. बारावा कोण, विचारलं. गडबडला. मग म्हणाला, बारावा म्हणजे पाणी घेऊन जाणारा ना? तो मी."

लग्न झालं. मॅडमना अजून वाटतं, तेही उत्तर कुणीतरी पढवलेलं होतं. त्या हे सांगत होत्या तेव्हा मामू खाली मान घालून कपातला गार चहा फुंकत होते.

* * *

आता हा शेवटचा. 

आमच्या कामात परमिट नावाची गोष्ट असते. लाईनमन खांबावर चढायच्या आधी ऑपरेटरकडून परमिट घेतो. मी लाईन बंद करतो, अर्थिंग टाकतो म्हणजे तार जमिनीला जोडून ठेवतो, 'माणसं काम करत आहेत' अशी पाटी लावतो. मग तो चढतो. काम झालं की त्यानं खाली उतरून स्वतः मला फोनवर सांगायचं. तोवर लाईन चालू करायची नाही, कुणी काहीही म्हणो.

त्या दिवसांत व्यंकट आणि मी आठ दिवस बोलत नव्हतो. त्यानं आपल्या टीमचा सहाव्या नंबरचा फलंदाज बदलला होता आणि त्याचं म्हणणं असं, की मी त्याचं पाकीट उघडून बघितलं. मी माझ्या पोरीची शपथ घेतली. तरी त्याचं एकच, "डिंक ओला होता, माधवा."

नवव्या दिवशी सकाळी एका वाडीवर तार तुटली. व्यंकट परमिट घ्यायला आला. दरवेळी नुसतं "टाकलं का?" विचारून निघणारा माणूस त्या दिवशी यार्डात गेला, अर्थिंग स्वतः डोळ्यांनी बघितलं, पाटी हलवून बघितली आणि न बोलता गेला. मला लई लागलं ते. एका फलंदाजापायी हा मला असा समजतो?

दीड तासानं फोन वाजला. व्यंकटचाच नंबर. "झालं काम. सोडा लाईन."

आवाज घोगरा होता, वाऱ्यात फाटत होता. व्यंकट रागात असला की असाच बोलतो. माझा हात पॅनलकडं गेलाही. पण 'सोडा'? व्यंकट मला कधी अहो-जाहो करत नाही. भांडणामुळं परका झाला म्हणावं, की आणखी काही?

मी विचारलं, "व्यंकट, तुझ्या टीमचा सहावा कोण?"

तिकडून आलं, "कसला सहावा? मोटारी बंद हायत दीड तास. लाईन सोडा की!"

मी फोन ठेवला आणि पॅनलला पाठ लावून उभा राहिलो. मामूंना म्हटलं, गाडी काढा.

मामू पोचले तेव्हा व्यंकट पुढच्या खांबावर वर होता, दोन्ही हात तारेला. फोन खाली गाडीच्या पिशवीत राहिलेला. पहिल्या खांबावरून तो उतरलेला बघून वाडीतल्या एकाला वाटलं, काम आटोपलं. त्यानंच पिशवीतून फोन काढून लावला होता. माणूस वाईट नव्हता. मामूंनी सांगितल्यावर तो तिथंच बांधावर डोकं धरून बसला.

दुपारी व्यंकट आला. हेल्मेट टेबलावर ठेवलं. माझ्यासमोर बसला. मी चहा ओतला, तो त्यानं दोन्ही हातांनी धरला. त्याचे डोळे भरले होते, माझेही.

"मामूनं सांगितलं समदं," तो म्हणाला. "सहावा कोण म्हणून इचारलास त्याला."

"हाव."

"वाचवलास, माधवा."

मी मान हलवली. त्यानं चहा संपवला. कप खाली ठेवला. दाराकडं गेला, हेल्मेट घालता घालता थांबला आणि वळून माझ्याकडं बारीक डोळे करून बघितलं.

"पण एक सांग. त्यानं एखादं नाव सांगितलं असतं, तर ते बरोबर का चूक, हे तुला कसं कळणार होतं?"