बुबुळाच्या डॉक्टर

वच्छलाबाई डोळ्यावरचा पदर काढायला तयार नव्हत्या. उजेड सहनच होत नव्हता. मी खिडकी लावून घेतली, दिवा मालवला, तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतला. डावा डोळा लालभडक. पापण्या सुजलेल्या, पाणी गळत होतं. बुबुळावर हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढुरका डाग.

सोबत त्यांची धाकटी जाऊ रुखमाबाई होती. ती म्हणाली, "मॅडम, मोतीबिंदू पिकला वाट्टे. तुमच्या कॅम्पाच्या गाडीत नाव घाला."

केळापूर तालुक्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी नेत्र चिकित्सा अधिकारी होते. नाव भारदस्त आहे, पण मी डॉक्टर नव्हे. डोळे तपासायचे, चष्म्याचा नंबर काढायचा, ज्याला ऑपरेशन लागेल त्याला सर्जनकडे पाठवायचं, हे माझं काम. लोक मला डॉक्टरीनबाईच म्हणत. सुरुवातीला मी दुरुस्त करायची, मग सोडून दिलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा, बाहेरून आलेले पत्रकार, अधिकारी शेतकऱ्यांच्या हालांबद्दल गावोगाव प्रश्न विचारत फिरत होते. अशा दिवसांत डोळा दुखतो म्हणून काम टाकून दवाखान्यात येणारा माणूस विरळाच. जो यायचा तो अगदीच नाइलाज झाल्यावर यायचा.

मी विचारलं, दुखायला कधी लागलं. वच्छलाबाईंनी सांगितलं ते असं. वेचणी चालू होती. वाकून कापूस काढताना वाळक्या बोंडाचं टोक डोळ्यात गेलं. त्यांनी पाण्याने डोळा धुतला आणि काम चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी खुपायला लागलं. घरात थेंबाची बाटली होती. रुखमाबाईचे मागे डोळे आले होते, तेव्हाची. ती टाकली. लाली कमी झाली, बरं वाटलं, म्हणून टाकतच राहिल्या. मग दिसायचं कमी झालं. तेव्हा त्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात गेल्या. त्या दुकानदाराचे मी आजही आभार मानते. एक चष्मा विकून त्याला मोकळं होता आलं असतं. त्याने डोळा पाहिला आणि म्हणाला, हे माझं काम नाही, सरकारी दवाखान्यात जा, आजच जा.

बाटली पिशवीत होती. मी वाचली. स्टिरॉइड. सूज आणि लाली उतरवणारं औषध. योग्य जागी फार उपयोगी. पण डोळ्यात झाडाची काडी गेली असेल तर जखमेसोबत बुरशी आत जाऊ शकते, आणि बुरशीला स्टिरॉइड म्हणजे खतपाणी. वरून लाली जाते, आत जखम वाढत राहते.

मी डोळ्याला रंगाची पट्टी लावली. नारिंगी कागदाची बारीक पट्टी असते, पापणीच्या आत टेकवली की रंग पसरतो. मग निळ्या उजेडात पाहायचं. जिथे जखम आहे तिथे हिरवं चमकतं. वच्छलाबाईंच्या बुबुळावर मोठा हिरवा ठिपका उठला. स्लिट लॅम्प म्हणजे डोळ्याची दुर्बीण. तिच्यातून पाहिलं तर डागाच्या कडा सरळ नव्हत्या, पिसासारख्या फुटलेल्या होत्या. अशा कडा दिसल्या की आधी बुरशीचा संशय घ्यायचा, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

मग मी उजवा डोळा झाकायला हात पुढे केला. वच्छलाबाई म्हणाल्या, "तो झाकला काय अन् नाई काय. तो लहानपणापासून तिरवा. त्याच्यानं माणूस उभा हाये एवढंच समजते."

म्हणजे बिघडलेला होता तोच त्यांचा चालता डोळा.

मी आमच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे गेले. ते म्हणाले, गुरुवारी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कॅम्पची गाडी जिल्ह्याला जाते, तीत बसवा.

"सर, हा मोतीबिंदू नाही. बुबुळाचा अल्सर आहे. गुरुवारपर्यंत थांबला तर भोक पडेल."

"जिल्ह्याचे आय सर्जन बघतील ना."

"ते रजेवर आहेत. आणि बुरशी असेल तर खरवडून तपासायला लागेल. ती सोय नागपूरला आहे. बुबुळाच्या डॉक्टरांकडे."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग फोन माझ्याकडे सरकवला. "तुम्ही बोला. सही मी करतो."

इथे थोडं समजावून सांगते, कारण हा घोळ शिकलेल्यांचाही होतो. चष्मेवाला चष्मा बनवतो. माझ्यासारखे लोक नंबर काढतात आणि दुखणं ओळखून पुढे पाठवतात. डोळ्याचे डॉक्टर आधी पूर्ण डॉक्टरकी शिकतात, मग डोळ्याचं वेगळं शिक्षण घेतात. औषध तेच देतात, ऑपरेशन तेच करतात. त्यातही कुणी डोळ्याच्या मागच्या पडद्याचं काम करतं, कुणी काचबिंदूचं, कुणी बुबुळाचं. डोळा एवढासा, पण एका माणसाने सगळा सांभाळावा इतका सोपा नाही.

मी नागपूरला डॉ. बक्षींना फोन लावला. त्या बुबुळाच्या डॉक्टर. आमच्या ट्रेनिंगमध्ये त्यांनी शिकवलं होतं. त्यांना मी आठवेन अशी आशा नव्हती, आणि त्यांनी ओळख विचारलीही नाही.

"कशाने लागलं?"

"वाळक्या बोंडाने."

"कडा?"

"पिसासारख्या. स्टिरॉइड चालू होतं, मी आता थांबवलं."

"दुसरा डोळा?"

"नसल्यासारखाच."

मग त्या म्हणाल्या, "आजच गाडीत बसव. आता कुठलाही थेंब टाकू नकोस, मला नमुना स्वच्छ हवा. ओपीडी संपली तरी मी थांबते."

मी फोन ठेवला. एवढ्या मोठ्या दवाखान्यातलं कुणी आमच्या तालुक्यातल्या बाईसाठी थांबते म्हणालं, याची मला सवय नव्हती.

आता प्रश्न गुलाबरावांचा होता. वच्छलाबाईंचे यजमान खरेदी केंद्रावर कापसाचा ट्रॅक्टर घेऊन रांगेत होते. रांग सोडली की नंबर गेला. त्यांना न विचारता नागपूरला जायला वच्छलाबाई कबूल होईनात. मग मीच केंद्रावर गेले. आवारात ट्रॅक्टर आणि बैलगाड्या एकमेकांना खेटून उभ्या होत्या. माणसं गाड्यांखाली चटया टाकून पडली होती. गुलाबराव उंच, अबोल माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोतीबिंदूच असन न मॅडम. कॅम्पात होऊन जाईन. नागपूरले कायले?"

त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं. मी त्यावर बोट ठेवलं. म्हटलं, डोळ्यालाही अशी काच असते, मोतीबिंदू म्हणजे तिच्या आतल्या भिंगाचं दुखणं. ते थांबू शकतं. हे वरच्या काचेचं आहे. काच सडून राहिली आहे.

"काच बदलता येते न?"

"येते. पण ती मेलेल्या माणसाच्या डोळ्यातून काढतात, कुणी दान केली तर. मिळेलच असं नाही, बसेलच असं नाही. तिथपर्यंत जाऊ नये म्हणून आज जायचं."

त्यांनी कापसाकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. मागच्या गाडीवरचा एक गृहस्थ सगळं ऐकत होता. बाभुळगावकडचा, गुलाबरावांची त्याची ओळख याच रांगेत झालेली. तो खाली उतरला. म्हणाला, "जा ना भाऊ तुम्ही. तुमचा ट्रॅक्टर मी पुढं घेतो. कापूस कुठं पळून नाई चालला."

गुलाबरावांनी किल्ली त्याच्या हातात दिली. धन्यवाद वगैरे काही नाही. नुसती मान हलवली. दुपारच्या एसटीने तिघंही हायवेने नागपूरला गेली.

पुढचं मला नंतर कळलं. डॉ. बक्षी थांबल्या होत्या. त्यांनी डोळा बधिर करून जखमेचा पृष्ठभाग हलकेच खरवडला, नमुना काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला. बुरशीचे धागे दिसले. लगेच भरती केलं. औषध म्हणजे तासातासाला थेंब, दिवसा आणि रात्रीही. गुलाबरावांना परतावं लागलं, शेतात कापूस फुटलेला होता. रुखमाबाई राहिली. ती थेंबांची बाटली तिची होती हे तिच्या मनातून जाईना. नर्सबाई थेंब टाकायच्या, तरी वेळ झाली की त्यांना बोलवायला हीच आधी उभी.

जखम भरायला बराच काळ लागला. मधे एकदा डॉ. बक्षींचा फोन आला, भोक पडण्याची भीती आहे, ऑपरेशनची तयारी ठेवतो आहोत. तो आठवडा मी नीट जेवले नाही. मग दुसरा फोन आला. जखम भरून येत होती.

उन्हाळा लागता लागता वच्छलाबाई माझ्यासमोर त्याच स्टुलावर बसल्या. बुबुळावर धुरकट डाग राहिला होता, पण मध्यावरून थोडा बाजूला. मी लांब तक्ता लावला. अक्षरं न येणाऱ्यांसाठी काट्यांचा तक्ता असतो, काटे कुठे वळले ते बोटांनी दाखवायचं. त्या एकेक ओळ खाली उतरत गेल्या. बोटं वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. खालच्या दोन ओळी राहिल्या. मी म्हटलं, चष्म्याने यातली आणखी एक दिसेल.

"एवढं दिसते ते काय कमी हाये," त्या म्हणाल्या. "त्या नागपूरच्या बाई माह्यासाठी न जेवता बसून होत्या म्हणे. मी त्यायचं तोंडबी नीट पाह्यलं नाई तवा. मग डोळा उघडला तं पयले त्यायलेच पाह्यलं."

गुलाबराव दाराशी उभे होते. कापसाचं विचारलं तर म्हणाले, त्या बाभुळगाववाल्याने माप करून ट्रॅक्टर घरापर्यंत पोचवला होता. आता दोन्ही घरांचं जाणं-येणं सुरू झालं आहे.

पुढच्या हंगामात मी त्यांच्या गावात शाळेच्या मुलांचे डोळे तपासायला गेले. रस्त्याला लागून त्यांचं शेत. वेचणी चालू होती आणि ओळीतल्या प्रत्येक बाईच्या डोळ्यांवर चष्मा होता. झिरो नंबरचे, साध्या काचेचे. वच्छलाबाईंनी सक्तीच केली होती, चष्मा नाही तर वेचणीला येऊ नका. बायका आधी हसल्या, मग घालू लागल्या. एकीने मला थांबवून विचारलं, डोळ्यात काही गेलं तं कोणत्या डॉक्टरकडं जायचं.

मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. आधी स्वच्छ पाण्याने धुवा. चोळू नका. दुसऱ्याचं औषध टाकू नका. आणि डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर ज्या दिवशी लागलं त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात या, पुढे कोणत्या डॉक्टरकडे ते आम्ही सांगू. डॉक्टर शोधता येतो. फक्त शोधायला डोळा शिल्लक असला पाहिजे.