तोंडी लावण्यापुरतं

माझ्या काकांना बेकरीत सगळे रताळ्या म्हणायचे. कुणाला रताळ्या म्हणणं ही काही शाबासकी नव्हे. ज्याच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागतो त्यालाच तसं म्हणतात. पण काका खुशाल ओ द्यायचे. पावांची शेवटची खेप निघाली की भट्टी हळूहळू निवत जायची, आणि त्या उतरत्या उष्णतेत ते दोन-चार रताळी सरकवून ठेवायचे. घरी निघताना ती कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात. लग्न नवीन होतं तेव्हा काकूचं मन त्यांनी याच रताळ्यांवर जिंकलं, असं काकू स्वतः सांगायची. वर म्हणायची, "दागिना आणला असता तर विकून खाल्ला असता. हे नुसतंच खाल्लं."

काका भट्टीवर होते. कणीक मळणारे वेगळे, बिस्किटं कापणारे वेगळे. काकांचं काम एकच, भट्टी कधी तयार झाली ते ओळखायचं, माल आत सारायचा आणि वेळेवर बाहेर ओढायचा. ओळखायची त्यांची रीत म्हणजे उजवा हात. दार उघडायचं, कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि मनात आकडे म्हणत थांबायचं. हात जितका टिकला त्यावरून पाव घालायचे की बिस्किटं ते ठरायचं. त्या हातावर एक केस नव्हता आणि कातडी चामड्यासारखी गुळगुळीत झाली होती. मालकांनी भट्टीवर उष्णता दाखवणारा काटा बसवला, तर काकांनी त्याच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. काका तसे आडमुठे. आमच्या घराण्यातच ते आहे, मी तरी कुणाला नावं ठेवणार?

घरातल्या स्वयंपाकघरात मात्र त्यांना थारा नव्हता. काकू म्हणायची, "तुमचा हात गावजेवणाचा. दोघांचं जेवण तुम्हाला जमायचं नाही." जन्मभर भाजण्याचं काम केलेला हा माणूस घरी ताटावर बसून आयतं जेवला आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटलं नाही. मूल झालं नाही त्यांना. मी पुतणी, जिन्याच्या पलीकडच्या खोल्यांत राहणारी. माझं निम्मं बालपण त्यांच्याकडेच गेलं.

काका निवृत्त झाले, मग बेकरीही बंद पडली. भट्टी पाडली. आता तिथे गाड्या धुतात. आणि त्यानंतर काकूच्या घशात गाठ निघाली.

डॉक्टरांनी शेक द्यायचं ठरवलं. म्हणजे यंत्राखाली झोपवून घशावर किरण सोडायचे. सुरुवातीला काकूला काही वाटलं नाही, ती तिथल्या नर्सलाही दोन शब्द सुनावून यायची. मग घसा आतून सोलवटला. तोंड कोरडं पडलं. पाणीसुद्धा काचेसारखं उतरतं म्हणायची. जिभेची चव गेली ती गेलीच. मी सूप करून न्यायची, खिमटी करून न्यायची. काकू एकच वाक्य म्हणायची, "तोंडी लावण्यापुरतं वाढ." जेवणाच्या ताटात कोपऱ्यात जेवढं तोंडीलावणं असतं, तेवढंच तिचं सगळं जेवण झालं होतं. मग तेही उरायला लागलं.

वजन उतरत गेलं. शेवटी डॉक्टरांनी काकांना आणि मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. वजन असंच घसरत राहिलं तर नाकातून पोटात नळी घालावी लागेल. नाही तर शेक थांबवावे लागतील, कारण शरीराला ते झेपणार नाहीत. आणि शेक अर्धवट थांबले तर गाठ पुन्हा वाढेल. पुढच्या आठवड्यात वजन करू आणि ठरवू.

काकूने घरी आल्यावर चपला काढायच्या आधी निकाल देऊन टाकला. "नळी घालणार असाल तर मी उद्यापासून येणार नाही. माझ्या नाकात दोऱ्या घालून मला बैल करायचं नाही."

"अगं, पण डॉक्टर म्हणतात—" काका म्हणाले.

"डॉक्टरांना म्हणावं तुम्ही घाला."

काकू एकदा बोलली की बोलली. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते माझ्याकडे बघायला लागले आणि मी भिंतीकडे. आता ती जेवली तरच शेक पुरे होणार होते. दुसरा रस्ता तिने स्वतःच बंद केला होता.

त्या संध्याकाळी ती पडल्या पडल्या एवढंच म्हणाली, "ती तुमची रताळी असती तर कदाचित गेली असती घशाखाली. लोण्यासारखी असायची."

मी विजेच्या वस्तूंच्या दुकानात काम करते. दुसऱ्या दिवशी येताना दुकानातला नमुन्याला ठेवलेला छोटा ओव्हन घेऊन आले. एका बाजूला पोचा आलेला, म्हणून तसाच पडून होता. ओट्यावर पाण्याच्या पिंपाशेजारी तो कसाबसा बसला. काचेचं दार, आत वर-खाली लाल होणाऱ्या कांड्या, एक जाळी, एक ट्रे, आणि टिकटिक करत उलटं फिरणारं बटण. काकांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. वाकून आत पाहिलं.

"ही भट्टी?"

"ओव्हन म्हणतात त्याला."

"यात उंदीर भाजला तरी शेपूट बाहेर राहील."

पण त्यांनी रताळी आणली होती. लांबट, सारख्या जाडीची, डाग नसलेली. मन लावून धुतली, पुसली, काट्याने टोचे मारले, जाळीवर मांडली. एवढं सगळं अगदी बरोबर. आणि ओव्हन तापला तसं त्यांनी दार उघडलं आणि हात आत घातला.

"काका! भाजेल!"

"मला भाजतंय होय?" त्यांनी हात बाहेर काढला. "कोमट आहे."

दार लावलं. थोड्या वेळाने परत उघडलं, परत हात. मग परत. मी दिवसभर गिऱ्हाइकांना हेच समजावत असते, त्यामुळे माझा पारा चढला. मी सांगितलं, की भट्टीच्या जाड विटा उष्णता पोटात धरून ठेवतात. दार उघडलं तरी तिला काही फरक पडत नाही. हा साधा पत्र्याचा डबा आहे. दार उघडलं की सगळी ऊब बाहेर, आणि पुन्हा पहिल्यापासून तापायचं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण हात घातल्याशिवाय आतलं कळणार कसं?" आणि दार उघडलं.

ऊब गेली की कांड्या पुन्हा लालभडक व्हायच्या, त्यामुळे रताळ्यांची सालं करपली. आत मात्र दोऱ्यांसारखा कडक गर. काकांनी त्यातल्या त्यात मऊ भाग कुस्करून बशीत नेला. काकूने चमचा तोंडात घातला, घोळवला, गिळायचा प्रयत्न केला आणि तिला जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. पाठ चोळून चोळून ती शांत झाली, मग बशी बाजूला सारत म्हणाली, "राहू द्या. भट्टी गेली तशी तीही गेली."

दुसऱ्या दिवशीही तेच. मी रागावले, काकाही रागावले. "तू मला भाजायला शिकवणार?" म्हणाले. मी ताड्‌ताड्‌ निघून आले आणि घरी येऊन रडले. त्यांचा राग आलाच होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. वजनाचा दिवस जवळ येत होता.

पुढच्या शेकाला मी दोघांबरोबर गेले. शेकाच्या खोलीला जाड दार आहे, वर लाल दिवा. दिवा लागला की बाहेर थांबायचं. शेक देणारी मुलगी बाहेर पडद्यासमोर बसते, पडद्यावर आतली माणसं दिसतात. काका नेहमीप्रमाणे बाकावर बसले होते. आतून काकूच्या खोकल्याचा आवाज आला. खरं तर तो पडद्याजवळच्या स्पीकरमधून आला होता. पण काका उठले, आणि मी "अहो काका" म्हणेपर्यंत त्यांनी जाऊन दाराची मूठ ओढली.

दार जेमतेम हातभर उघडलं असेल. आतल्या यंत्राचं गुणगुणणं एकदम थांबलं, लाल दिवा विझला. ती मुलगी ताडकन उठली. मला वाटलं आता काकांची खरडपट्टी निघणार. तिने आधी पडद्यावर काकूला पाहिलं, माइकमधून "आजी, हलू नका, सगळं ठीक आहे" असं सांगितलं, मग काकांना हाताला धरून बाजूला घेतलं.

"आजोबा, दार उघडलं की यंत्र आपोआप बंद पडतं."

"ती खोकत होती."

"मला दिसतंय, ऐकूही येतंय. म्हणून तर मी इथे बसलेय."

"आत जाऊन बघायला नको?"

"आत गेलं तर काम थांबतं. दार बंद असेल तेवढ्याच वेळात आजींना औषध मिळतं. तुम्ही ते बंद राहू द्या, एवढंच करा."

काका परत बाकावर बसले. दिवा पुन्हा लागला. त्यांनी तो गुळगुळीत हात मांडीखाली दाबून धरला होता आणि ते दाराकडे बघत होते. मला त्यांची फार दया आली. ज्या हाताने जन्मभर आतली खबर आणली, त्याला आता कुठल्याच दारात शिरता येत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी कुणाशी न बोलता रताळी धुतली. टोचे मारले, जाळीवर ठेवली. उष्णता मी सांगितली होती तेवढीच ठेवली, कांड्या नुसत्या मंद तांबूस दिसतील एवढी. बटण फिरवलं. मग ओट्यासमोर स्टूल ओढून बसले. मी जिन्यातून डोकावले तर ते काचेतून आत बघत होते. मला पाहिलं तरी मान हलवली नाही. एकदा हात उठला. त्यांनी तो परत खाली घेतला आणि गुडघ्यावर ठेवला.

घरभर वास सुटला. खालच्या बाजूने एका रताळ्यातून पाक पाझरला आणि ट्रेवर काळा थेंब पडला. बटण शून्यावर येऊन ओव्हनची घंटी वाजली तरी त्यांनी दार उघडलं नाही. ओव्हन बंद झाल्यावर आतली ऊब उतरत जाईपर्यंत तसंच बसून राहिले. मग साल सोललं, म्हणजे ते हाताबरोबर निघूनच आलं. आत नुसता लोण्यासारखा गर. त्यात दूध, लोणी, साखर घालून घोटला, गाळणीतून काढला, एक धागा ठेवला नाही. आमच्यासाठी सूप आणि पाव होता. ताटात हे तोंडीलावणं म्हणून आलं. काकूपुढे मात्र तेवढी एकच वाटी.

काकूने चमचा तोंडात घेतला. आम्ही दोघांनी आपापल्या सूपकडे बघायचं सोंग केलं. तिने गिळलं. दुसरा चमचा घेतला. मध्ये थांबली, घशावर हात ठेवला, पुन्हा घेतला. माझं सूप निवून गेलं. वाटी संपली तेव्हा काका पुढे वाकले. चाळीस वर्षं लोकांनी ज्यांच्या पावाचं कौतुक केलं, ते आता एका शब्दासाठी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"चव काही लागत नाही," काकू म्हणाली.

काकांनी पाठ मागे टेकली.

"खोटं कशाला सांगू? माती की रताळं, मला कळलं नाही. पण खाली उतरलं. दुखलं नाही फारसं." तिने वाटी पुढे केली. "उद्याही करा."

काकांनी रोज केलं. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. वजनाच्या दिवशी काटा वर गेला नाही, पण खालीही गेला नाही. डॉक्टर म्हणाले, नळी नको, असंच चालू ठेवा. शेक पुरे झाले. त्यानंतरचे दिवस उलट जास्त वाईट गेले. काकू चिडायची, रडायची, कधी अर्धी वाटी ठेवून भिंतीकडे तोंड करायची. काका वाटी झाकून ठेवायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा कोमट करून आणायचे. काकू रोज खायची आणि एक शब्द बोलायची नाही. काकांनीही "कसं झालंय" हे विचारायचं सोडून दिलं होतं. विचारून काय उपयोग, तिला चव लागत होती थोडीच!

पुढे थंडी सरली, काकूचा आवाज थोडा मोकळा झाला. एका दुपारी मी दुकानाला सुट्टी म्हणून त्यांच्याकडे जेवायला होते. काकांनी नेहमीसारखी वाटी ठेवली. काकूने एक चमचा घेतला आणि तोंड वाकडं केलं. काका घाबरून उठले. "दुखलं? ठसका लागला?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिली. मग जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"अहो, केवढं गोड केलंय हे! साखर ओतलीत की काय?"

काका उभ्याचे उभेच राहिले. त्यांच्या हातातला पंचा खाली पडला तो त्यांना कळला नाही.

"रोज एवढीच घालता?"

"रोज."

"आणि मी हे असलं गोडमिट्ट खात होते?"

काकांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

"हो," ते म्हणाले. "रोज खात होतीस."