तालमीतलं तेल आणि पक्कं प्लास्टर

म्हशीनं ढुशी दिली आणि मी गोठ्यात उजव्या हातावर पडले. आमच्या कोल्हापुरात हाड दुखावलं की आधी तालीम, मग दवाखाना. त्यात माझे वडील, आण्णा, तालमीचे वस्ताद. निम्म्या पेठेचे हातपाय त्यांनी बसवलेले. त्यांनी तेल लावून माझा हात चोळला, ओढून बघितला आणि म्हणाले, "मोडलंय हे. माझ्या हातचं न्हाई. दवाखान्यात चल."

दवाखान्यात मी तेल, मालिश, ओढणं, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि पक्कं प्लास्टर घातलं. संध्याकाळी बोटं सुजली, मुंग्या आल्या, मग बधिर झाली. ठणका तर असा, की भिंतीवर डोकं आपटावं. नर्सला हाक मारली की एक इंजेक्शन आणि वर, "मोडलंय तर दुखणारच की बाई." प्लास्टर कुणी सैल केलं नाही. शेवटी कापलं तेव्हा बोटं काळीनिळी पडली होती. पुढं ती आत वळली, ती कायमची. धार काढायचा हात गेला.

जाब विचारला तर डॉक्टर म्हणाले, तालमीत चोळल्यामुळंच हात गेला. चोराच्या उलट्या बोंबा. माझी सटकलीच. पण पेठेला ते पटलं आणि आण्णांनाही पटलं. त्यांनी तालमीत जायचं सोडलं. मी डाव्या हातानं घास घ्यायला लागले की ताटावरून उठायचे. मी वकील गाठले आणि त्यांना सांगितलं, भरपाईचं नंतर बघू, हात कुणामुळं गेला ते आधी जाणत्या माणसाच्या तोंडून कळलं पाहिजे.

इथंच घोडं पेंड खात होतं. डॉक्टरची चूक ग्राहक आयोगापुढं मांडायला दुसरा डॉक्टर लागतो. गावातल्या तिघांनी हात बघितला, हळहळले, आणि लेखी मागितल्यावर चहा पाजून वाटेला लावलं. सगळे एका माळेचे मणी. अखेर दुसऱ्या जिल्ह्यातले हाडांचे एक निवृत्त प्राध्यापक तयार झाले. वकील म्हणाले, "त्यांच्यापुढं मालिशचं काढू नका."

"का? दवाखान्याच्या कागदात हाय की ते," मी म्हटलं. आणि प्राध्यापकांना पहिल्यांदा तेच सांगितलं.

त्यांनी माझं मनगट खाली वाकवलं, तशी बोटं आपोआप उघडली. मनगट सरळ केलं, परत मिटली. "बोटं धड आहेत," ते म्हणाले. "मनगटाच्या वरचा स्नायू रक्तावाचून मेलाय. दाबानं."

त्यांच्या साक्षीच्या दिवशी आण्णा मागच्या बाकावर बसले होते. दवाखान्याच्या वकिलानं तो कागद नाचवत विचारलं, "मालिश झाली होती, मान्य आहे?"

"माझ्या अहवालात पहिल्याच पानावर आहे. करायला नको होती. त्यानं सूज वाढते."

आण्णांनी मान खाली घातली.

"मग दवाखान्याची चूक कुठली?"

"मालिश झालीय हे दवाखान्याला माहीत होतं. तुमच्याच कागदात आहे. सूज वाढणार हे दिसत असताना आधी सुजेला जागा देणारं कच्चं प्लास्टर घालतात आणि बोटांवर नजर ठेवतात. या बाई बोटं बधिर झाली म्हणून सांगत होत्या, तेव्हाच प्लास्टर फाडलं असतं तर हा हात वाचला असता."

वकिलानं कागद खाली ठेवला. मला तिथंच फुगडी घालावीशी वाटली.

निकाल आमच्या बाजूनं लागला. आयोगानं प्राध्यापकांचं म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं होतं. मी आण्णांना जिन्यातच थांबवलं आणि वेळेवर प्लास्टर फाडलं असतं तर हात वाचला असता, ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "चोळलं ते चुकलंच माझं. इथनं पुढं मोडलेल्या हाडाला हात लावणार न्हाई, थेट दवाखान्यात धाडणार. पण पोरी, तुजा हात मी न्हाई घालवला."

"परत म्हणा," मी म्हटलं.

ते परत म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की जिन्यातली माणसं वळून बघायला लागली.