पाच किलोच्या आतली बॅटरी

नागपुरात आजवर जेवढी म्हणून वजनं झाली असतील, त्यातली निम्मी तरी आमच्या साडूंनी केली असावीत. धंदा तांदळाचा. कुहीकडे धानाची शेती, नंदनवनात घर, घराच्या पुढच्या भागात दुकान आणि मागे गोदाम. त्यामुळे काटा हा त्या घरात माणसासारखाच वावरतो. बाकीचे व्यापारी दुकानाचं शटर ओढलं की काट्याला विश्रांती देतात. आमचे साडू देत नाहीत. गॅसचं सिलिंडर आलं की आधी काट्यावर. नातीचं दप्तर काट्यावर. लग्नाची पत्रिका आली तर ती वाचायच्या आधी तळहातावर घेऊन डोळे मिटायचे आणि "पार्टी खर्चिक दिसते" असा निकाल द्यायचा. लग्न कोणाचं आहे हे त्यांना मागाहून ताई सांगतात. ताई म्हणजे साडूंच्या पत्नी, माझ्या बायकोची मोठी बहीण, आणि त्या घरातली अशी एकमेव व्यक्ती, जिला काट्यावर उभं राहा म्हणण्याची हिंमत साडूंना चाळीस वर्षांत झालेली नाही. माझी गोष्ट वेगळी. माझ्या लग्नात मी नमस्काराला वाकलो, तेव्हा त्यांनी मला दोन्ही खांद्यांना धरून किंचित उचललं आणि सासऱ्यांना म्हणाले, "छप्पन किलो. चालते." त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही.

अशा माणसाने स्पोर्ट्स कार का घ्यावी, हे कृपा करून मला विचारू नका. मी शाळेत भूगोल शिकवतो, या प्रश्नाचं उत्तर माझ्या विषयात येत नाही. घडलं एवढंच, की उमरेडला एका लग्नासाठी आम्ही दोघं एसटीने गेलो होतो. लग्नघराशेजारी एका कोळशाच्या ठेकेदाराचा बंगला होता. त्याचा मुलगा परदेशी गेलेला, आणि मुलाची लाल रंगाची दोन सीटची परदेशी गाडी ताडपत्रीखाली धूळ खात पडलेली. साडूंनी ताडपत्री वर केली, बोनेटवरची काळी धूळ बोटाने पुसली आणि वरातीकडे पाठ करून तिथेच उभे राहिले. पुढच्या आठवड्यात आम्ही ती गाडी घेऊन परत येत होतो. आता कोणीही शहाणा माणूस नवी गाडी आधी देवळात नेईल. साडूंनी ती वाटेतल्या धर्मकाट्यावर नेली. तिथे ट्रकांचं वजन होतं. कोळशाच्या दोन लांबलचक ट्रकांच्या मधे आमची ती एवढीशी गाडी रांगेत, मागचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हसतोय, आणि मी तोंडावर रुमाल धरून बसलोय. वजनाची पावती साडूंनी काचेच्या फ्रेममध्ये घालून दुकानात लावली आहे.

त्या दिवसापासून गाडी हलकी करणं हेच त्यांचं काम झालं. "हलकी गाडी उडते, मास्तर," असं ते म्हणायचे. स्टेपनी काढली, जॅक काढला, पायाखालचे गालिचे काढले, ॲशट्रे काढला. एकदा माझ्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा घरी ठेवायला लावला. एवढं सगळं करून गाडी चालवायची ती चाळिसाच्या वर न्यायची नाही. मोठ्या रस्त्याने आउटर रिंग रोडपर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत शेअर ऑटो आम्हाला मागे टाकायचे, आणि त्यातल्या बाया आमच्याकडे बघून पदराआड हसायच्या. उडायचं कधी, असं मी एकदाच विचारलं. ते म्हणाले, आधी हलकी तर होऊ द्या.

मग गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी निघताना बजावलं, पाच किलोच्या वर काहीही उचलायचं नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं पाठीवर पोती वाहिली, त्याने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि फक्त एक शंका विचारली, "पाच किलो बारदान्यासकट का बारदाना सोडून?" डॉक्टरांना बारदाना म्हणजे पोत्याचं स्वतःचं वजन हे समजावून सांगण्यात दहा मिनिटं गेली. बाहेर आल्यावर ताईंनी आपला निकाल सांगितला. गाडी ठेवायची असेल तर ठेवा. पण ज्या दिवशी तुम्ही त्या गाडीची बॅटरी उचलताना मला दिसाल, त्या दिवशी गाडी विकली म्हणून समजा. ताई असं एकदाच सांगतात.

आणि तिथे माझे भोग सुरू झाले. गाडीत कुठलासा अलार्म आहे, तो आठवडाभर बॅटरी पीत राहतो. गाडी निघते रविवारी. म्हणजे दर रविवारी बॅटरी उतरलेली. बॅटरी गाडीत ठेवूनच चार्ज करता येते, हे जगाला माहीत आहे; पण साडूंच्या मते ते झोपलेल्या माणसाच्या तोंडात घास कोंबण्यासारखं आहे. ती काढलीच पाहिजे, गोदामात नेलीच पाहिजे, तिथल्या चांगल्या लाईनवर चार्ज केलीच पाहिजे. शिशाची जुनी बॅटरी, सोळा किलो दोनशे ग्रॅम. साडूंना उचलायची बंदी, मुलगा सकाळपासून दुकानात. राहिलो मी. रविवारी आठला फोन यायचा, "मास्तर, नऊला या." मी खामल्याहून स्कूटर हाकत सगळं शहर ओलांडून जायचो, डिक्कीत वाकून ते धूड काढायचो, अंगण ओलांडून गोदामात न्यायचो, आणि दुपारी पुन्हा आणून बसवायचो. आठवड्यातली माझी एकुलती एक सुट्टी अशी जायची. बायको म्हणायची, कंबर जाईल तुमची. मी म्हणायचो, जाऊ दे. खरं सांगायचं तर नाही म्हणायचाही कंटाळा आला होता.

म्हणून लिथियमच्या बॅटरीचं मी कुठेतरी वाचलं, तेव्हा मला देवच भेटला. त्याच कामाची बॅटरी, वजन चार-पाच किलो! मी स्वतः साडूंना बॅटरीच्या दुकानात घेऊन गेलो. आणि कर्म माझं, साडूंनी सोबत काटा घेतला. दुकानदार भला माणूस होता. त्याने समजावलं की ही बॅटरी उष्णतेला जपावी लागते, इंजिनाला चिकटून असली तर नागपूरच्या मे महिन्यात तिचा निभाव लागायचा नाही. पण तुमच्या गाडीत ती मागे डिक्कीत आहे, तेव्हा काळजी नाही. चार्जर मात्र तिचाच हवा, जुना लावायचा नाही. एकदा भरली आणि अलार्मची तार सोडवून ठेवली की महिना-महिना तिच्याकडे बघायला नको. हे शेवटचं वाक्य ऐकून मला तिथल्या तिथे त्याच्या पाया पडावंसं वाटलं. साडूंनी काही ऐकलं नाही. ते बॅटऱ्या खोक्यातून काढून एकेक काट्यावर ठेवत होते, कारण पोत्यावर छापलेल्या वजनावर त्यांनी जन्मात विश्वास ठेवलेला नाही. असे आम्ही चार रविवार गेलो. तिसऱ्या रविवारी दुकानदाराने आम्हाला पाहून आत दडी मारली. मग शेठ नाहीत, हा निरोप सांगायला तो स्वतःच बाहेर आला.

शेवटी दोन बॅटऱ्या उरल्या. एक जेमतेम तीन किलोची, दुसरी चार किलो आठशेची. हलकीही गाडी चालू करेल, दुकानदार म्हणाला, फक्त ती लवकर उतरेल. मला वाटलं, चला, प्रश्न मिटला. ॲशट्रे काढून टाकणारा माणूस दुसरी कशाला घेईल? साडूंनी एका हातात एक अशा दोन्ही घेतल्या, डोळे मिटले, बराच वेळ उभे राहिले. मग हलकी खाली ठेवली.

"हे जड वाली द्या."

मी कपाळावर हात मारला. दोन वर्षं वजन कमी करण्यापायी माझा जीव खाल्लात, आणि आता जड काहून म्हणून विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"डाक्टरनं पाच देल्ले ना मले? मंग पुरे पाच उचलीन मी. तीन काहून उचलू?"

ती बॅटरी त्यांनी स्वतःच्या हाताने उचलून, माझ्या मदतीला नकार देऊन, रिक्षापर्यंत नेली. घरी ताई दारातच उभ्या होत्या. साडूंनी काटा पुढे केला आणि बॅटरी त्यांच्यासमोर त्यावर ठेवली. ताईंनी आकडा वाचला आणि बाजूला झाल्या. गाडी वाचली होती. मी घरी जाऊन दुपारी चार वाजेपर्यंत कूलरसमोर झोपलो.

पुढच्या रविवारी आठला फोन आला. "मास्तर, नऊला या."

मला वाटलं, नवी बसवायला हात हवा असेल. जाऊन बघतो तर नवी बॅटरी गोदामात एका कोपऱ्यात, खोक्यासकट, तांदळाच्या थप्पीवर ठेवलेली, आणि डिक्कीत तीच शिशाची म्हातारी. साडूंनी शांतपणे सांगितलं की नवा माल लगेच वापरात काढायचा नसतो. नवा तांदूळ शिजवला तर चिकट होतो, एक पावसाळा काढला की मग तो मोकळा शिजतो. बॅटरीलाही एक पावसाळा काढू द्यावा. मी हात टेकले. दुकानदाराला फोन केला. तो बिचारा म्हणाला, सर, खराब नाही होणार, पण मुरणारही नाही. हे मी साडूंना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, त्याले तांदळाचं काय समजते?

एप्रिल गेला, मे गेला. अंगणाच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता, आणि मी सोळा किलो दोनशे ग्रॅम उचलून चाललोय. नवी बॅटरी तिकडे सावलीत आराम करतेय. जून गेला, जुलै गेला. पोळ्याच्या आधीच्या रविवारी मी डिक्कीत वाकलो, बॅटरी काढून खाली टेकवली, आणि कंबरेत अशी काही चमक निघाली की मी तसाच तिथे खाली बसलो. मग मात्र माझा तोल गेला. वयाने मोठ्या माणसाशी बोलू नये तसं बोललो. ती बॅटरी आज लावा नाहीतर ही गाडी भंगारात घाला, माझ्याच्याने आता होत नाही, माझे रविवार मला परत द्या, असं काय काय बोललो. साडू ऐकत उभे राहिले. मग गोदामात गेले, नवी बॅटरी दोन्ही हातांनी धरून घेऊन आले, आणि गुडघे टेकून बसवायला लागले. मी बसल्या जागेवरून पाना दिला, तो त्यांनी घेतला. किल्ली फिरवताच गाडी चालू झाली. ते "झालं" एवढंच म्हणाले.

ताईंनी मला आत नेऊन पाठीला मलम लावलं. लावता लावता सांगितलं, की ऑपरेशननंतर मुलाने दुकान हातात घेतलं, तेव्हापासून साडूंकडे कोणी येत नाही. बाजारातले लोक मुलाशी बोलतात. एरवी यांना दिवसभरात कोणी हाक मारत नाही. रविवारी तुम्ही येता, तर शनिवारपासून यांची धावपळ. ही बॅटरी लावली की मास्तर कशाला येतील, असं मला एकदा म्हणाले होते. मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं, भाऊजी, तुम्हाला सांगितलं नाही, ही माझीच चूक. मी पालथा पडून ऐकत होतो. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. मी आठपासून वर्तमानपत्र धरून बसलो होतो, एक ओळ वाचली नाही. सुट्टी म्हणजे काय असते, हे विसरायला झालं होतं, आणि मिळाली तर ती अशी अंगावर आली. बायकोला म्हटलं, तांदूळ संपलाय का बघ. ती म्हणाली, डबा भरलेला आहे. तरीही मी पिशवी घेऊन निघालो.

त्यांचं घर गाठलं तेव्हा साडू अंगणातल्या शेडमध्ये गाडीशेजारी उभे होते. डिक्की उघडी, हाताला ग्रीस. मी विचारलं, काय झालं, बॅटरी उतरली की काय? ते म्हणाले, नाही, भरली आहे, चांगली आहे. मी सकाळी काढली, गोदामात नेली, परत आणून लावली.

"भरली आहे, मग काढली काहून?"

ते फडक्याने हात पुसत राहिले.

"नऊ वाजले होते ना गा, मास्तर."

मी पिशवी शेडच्या खुंटीला अडकवली आणि गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसलो.