विसळ्या

कचेरीत तिला सगळे अंधारमावशी म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. मोबाइलच्या पडद्यावरचा एकेक ठिपका पेटवणारं सर्किट आखायचं, हे तिचं काम. पण ठिपका पेटतो कसा यापेक्षा तो विझतो कसा, याचीच तिला जास्त काळजी. "उजेड काय, कोणीही पाडेल," ती म्हणायची. "काळं पाडून दाखवा."

तिच्या पडद्यांना मागून दिवा नसतो. प्रत्येक ठिपका आपला आपण उजळतो आणि त्याला हवी तेवढी वीज द्यायला त्याच्यापाशी मोजके ट्रान्झिस्टर बसवलेले असतात. गोम अशी, की एक चित्र गेलं तरी ठिपक्यात थोडी वीज मागे उरते. मग पुढच्या काळ्या चित्रात तो चोरासारखा मिणमिणत राहतो. या उरल्यासुरल्या चित्राला कचेरीत भूत म्हणत.

एकदा घरी तिने हे सासूबाईंना समजावून सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्यात कप विसळायची पद्धत नाही का गं? चहाच्या कपात तसंच दूध ओतलं, तर रंग येणारच."

मावशी इतकी हसली, की दुसऱ्या दिवशी ठिपका रिकामा करणाऱ्या ट्रान्झिस्टरचं नाव तिने विसळ्या ठेवून टाकलं. हळूहळू साहेबसुद्धा तेच म्हणू लागले.

साहेबांना मात्र नव्या पडद्यात विसळ्या नको होता. ठिपके आणखी बारीक झाले होते. "जागा कुठाय मावशी? एका खोलीत किती भाडेकरू कोंबाल?"

"अंग चोरून उभा राहील तो कोपऱ्यात. पण घराबाहेर काढणार नाही मी त्याला."

"एवढासा केल्यावर विसळणार काय, कपाळ? बरं, नमुना येऊ दे. भूत दिसलं, तर विसळ्याही जाईल आणि हे कामही दुसऱ्या गटाकडे जाईल."

काम गेलं असतं तर मावशीने हाताखाली तयार केलेल्या दोन मुलीही कुठे कुठे पांगल्या असत्या. नमुना आला त्या सकाळी त्या दोघींनी डबे उघडलेच नाहीत, हे तिने पाहिलं.

तपासणी अंधाऱ्या खोलीत व्हायची. आधी पडद्यावर पांढराशुभ्र चौकोन बराच वेळ पेटता ठेवायचा, मग सगळा पडदा एकदम काळा करायचा. चौकोनाच्या जागी काही उरलं, तर ते भूत. पांढरा चालू असेपर्यंत सगळ्यांनी पडद्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करायचं, हा मावशीचाच नियम. शाळेत शिक्षा झाल्यासारखे मोठमोठे अधिकारी तिथे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेले होते.

यंत्र चालवायला पक्कडराव होता. खिशात कायम पक्कड, म्हणून ते नाव. त्याने पांढरा लावला आणि सवयीने पाठ फिरवली. मावशीला मात्र आज पाठ फिरवेना. तापलेल्या पोरापासून आईने नजर काढू नये, तशी ती त्या चौकोनाकडे बघत राहिली.

"काळा करतोय," पक्कडराव म्हणाला.

पडदा काळा झाला. आणि त्या काळ्यात, बरोब्बर मधोमध, हिरवटसा चौकोन.

मावशी पडद्यावर वाकली. "दिसतोय ना रे?"

"काय?"

"चौकोन!"

"मला तर काहीच नाही दिसत, मावशी. पण माझा चष्मा म्हणजे..."

बिचारा समजूत घालतोय, असं तिला वाटलं. ती तडक दार ढकलून बाहेर आली. दाराशीच साहेब वाट बघत उभे.

"भूत आहे, साहेब," ती म्हणाली. "विसळ्या पुरा पडला नाही. माझंच चुकलं." बोलताना तिने मान वर केली, आणि तिथेच थबकली. साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर एक काळपट चौकोन होता. तिने भिंतीकडे पाहिलं, चौकोन भिंतीवर. छताकडे पाहिलं, चौकोन छतावर. पुन्हा साहेबांकडे पाहिलं.

"साहेब, जरा हलू नका."

"का? पाल आहे?"

"तुमच्या टकलावर चौकोन आहे."

साहेबांनी गडबडीने रुमालाने डोकं पुसलं. मावशीला हसू फुटलं. बांध फुटावा तसं फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "पुसून जायचा नाही तो! भूत पडद्यात नाही, माझ्या डोळ्यांत आहे. पांढऱ्याकडे टक लावून बसले मी. विसळायचं राहिलं ते माझ्या डोळ्यांचं!"

"नियम तुमचाच ना?" साहेब म्हणाले.

"माझाच. म्हणून तर मोडला."

डोळे निवेपर्यंत सगळे अंधारात बसले. मग पांढरा लागला आणि मावशी, साहेब, पक्कडराव आणि त्या दोन मुली ओळीने भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शेवटी पक्कडरावाने काळा केला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं.

समोर नुसता काळोख.

"लाव की रे पडदा," साहेब करवादले.

"लावलेलाच आहे, साहेब," पक्कडराव म्हणाला. "केव्हाचा."

उजेड मोजायचा मीटर लावून बघितला, त्यातही काही निघालं नाही. साहेबांनी घसा खाकरला. "राहू दे तो भाडेकरू," म्हणाले आणि निघून गेले. त्या दोन मुलींनी तिथेच, अंधारातच, डबे उघडले.

संध्याकाळी सासूबाई दारातच होत्या. "काय गं, झालं का काळं?"

"झालं एकदाचं," मावशी चपला काढत म्हणाली. "तोंड सोडून सगळं."

म्हातारी खुदकन हसली आणि चहा ठेवायला आत गेली. मावशीने कप घेतले, आणि धुतलेले असूनही पुन्हा एकदा विसळले.