आधी दगड, मग चुना

आमच्या टोकावर येणारे लोक तीन गोष्टी बघून जातात. समुद्रात उभी असलेली खडकाची कमान, भरतीच्या वेळी शिट्टी वाजवणारं कातळातलं भोक, आणि माझ्या चहाच्या टपरीमागे टेकडीवरचा दीपस्तंभ. कड्याच्या काठाने मांडलेल्या एकवीस पांढऱ्या दगडांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. माझ्या मोठ्या दिरांनी, दादांनी, एकतीस वर्षं त्या दगडांत घातली. आणि मी एका सकाळी, एका वाक्यात, त्या सगळ्याची माती केली. हे मी आजवर फक्त दोघांना सांगितलंय.

दादा पर्यटन खात्याचे मुकादम. हाताखाली कुणी नाही, तरी मुकादम. लग्न केलं नाही, विचारलं तर म्हणायचे, "एकवीस जणांचा संसार आहे, अजून किती वाढवू?" कडा दर पावसाळ्यात थोडा थोडा ढासळतो. पाऊस थांबला की दादा काठापासून आठ पावलं मोजायचे, पहारीने दगड उकरून तेवढा आत घ्यायचे आणि मगच त्याला चुना मारायचे. चुन्यात मूठभर मीठ घालायचे, म्हणजे खाऱ्या वाऱ्यात पोपडे सुटत नाहीत. पांढराशुभ्र दगड म्हणजे दादांनी मोजलेला दगड, हे इथल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं.

माझा नवरा टोकावरचा फोटोवाला. दादांची चेष्टा करायची एक संधी सोडायचा नाही. पर्यटकांना सांगायचा, "आमचे दादा सरकारी पगार घेऊन लोकांना चुना लावतात आणि लोक वर आभार मानतात." दादा हातातला कुंचला त्याच्यावर उगारायचे आणि मग दोघे माझ्या टपरीवर एकाच बाकावर बसून चहा प्यायचे. त्याची फोटो काढायची एक रीत होती. लोकांना फोटोत मागे दीपस्तंभ हवा असायचा, म्हणून हा समुद्राकडे पाठ करून मागे मागे सरकायचा. तिसऱ्या दगडाला टाच लागली की थांबायचा. मागे वळून बघायची त्याला कधी गरजच पडली नाही. दगड दादांनी ठेवलेला होता ना.

त्या वर्षी पाऊस लांबला. उघडीप झाली त्याच दिवशी, जोडून आलेल्या सुट्ट्यांमुळे, सकाळी आठालाच दोन बसगाड्या येऊन उभ्या राहिल्या. आमची पोर चार वर्षांची, टपरीत फळीखाली तापाने फणफणलेली. स्टोव्ह एक, हात दोन, आणि समोर ऐंशी माणसं. दादा पहार घेऊन दगडांकडे निघालेले दिसले आणि माझं डोकंच फिरलं. मी मुळात तोंडाची फटकळ.

"दादा, दगड काय पळून जातायत? वरून चुना फिरवा आणि इकडे या जरा मदतीला."

"आधी हलवू दे गं. तासा-दोन तासांचं काम आहे."

"एक दिवस उशिरा हलवले तर आभाळ कोसळणार आहे का?"

दादांनी मला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी पहार टपरीला टेकवून ठेवली, भराभर एकवीस दगडांवर चुना फिरवला आणि येऊन माझ्या स्टोव्हपाशी उभे राहिले. त्यांनी आलं ठेचलं, मी कप विसळले. दहाच्या सुमाराला नऊ जणांचं एक कुटुंब फोटोसाठी उभं राहिलं. नऊ जण चौकटीत मावेनात. माझा नवरा हसत हसत मागे सरकला, त्याची टाच दगडाला लागली, आणि दगडासकट तो गेला. खालची माती पाण्याने आतून पोखरली होती. दादा तिथपर्यंत धावले तेव्हा त्यांच्या हातात अजून बत्ता होता.

चौकशीला मीही बसले होते, पोर मांडीवर. साहेबांनी विचारलं, "दगड न हलवता चुना का मारलात?" आता दादा माझ्याकडे बोट दाखवणार म्हणून मी पोरीला जवळ ओढलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आळस केला साहेब."

एकतीस वर्षांतली वीस तोवर झाली होती. त्यात या माणसाने आळस केलेला मी एकदाही पाहिला नव्हता. त्यांचं मुकादमपद गेलं, साधे मजूर झाले. काम मात्र तेच राहिलं; गेलेल्या तिसऱ्या दगडाच्या जागी त्यांनी नवा आणून बसवला. गावात लोक म्हणायला लागले, सख्ख्या भावाला चुना लावला. माझ्या आईने येऊन त्यांना दारात उभं करून शिव्या दिल्या. मी आत बसून ऐकल्या. टपरीचा परवाना खात्याचा होता, पोर लहान होती, माझं दुसरं कुणी नव्हतं. कारणं खरी आहेत. पण रात्री डोळा लागायला ती पुरत नाहीत.

दादा टपरीवर यायचे बंद झाले. अकरा वर्षं. जेवायचे एकविसाव्या दगडापाशी, माझ्याकडे पाठ करून. पोरीच्या हाती चहा पाठवला की प्यायचे आणि पेला विसळून तिच्याच हाती परत करायचे. लोक म्हणायचे, अपराधी माणूस, भावजयीला तोंड कसं दाखवणार! मीही हळूहळू तेच खरं धरलं. माणूस स्वतःला सोयीचं काय वाट्टेल ते पटवून घेतो.

गेल्या पावसाळ्यात दादांच्या छातीने दगा दिला. चुन्याची धूळ, डॉक्टर म्हणाले. खात्याच्या गोदामामागच्या त्यांच्या खोलीत मी अकरा वर्षांनी पाऊल टाकलं. एक खाट, खुंटीवर खाकी सदरा, कोपऱ्यात ती पहार, तेल लावून पुसलेली. मी खाली बसले आणि एकदाचं बोलले.

"दादा, त्या दिवशी मी तुम्हाला थांबवलं. चूक माझी होती. तुम्ही तुमच्या अंगावर घेतलीत."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मला नाही बुवा काही आठवत."

"दादा, मी म्हणाले होते, आभाळ कोसळणार आहे का..."

"अगं, पोर तापाने फणफणलेली, दोन बसगाड्यांची गर्दी. अशा वेळी कोण काय बोललं, कुणाच्या लक्षात राहतं?"

पोरीच्या तापाचं मी नाव काढलं नव्हतं. बसगाड्यांचंही नाही. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडले. तेव्हा मला कळलं, ते टपरीवर का यायचे नाहीत. बाकावर येऊन बसले असते, तर कधीतरी माझ्या तोंडून हे निघालंच असतं, आणि चार माणसांनी ऐकलं असतं.

"चहा आणशील का?" ते म्हणाले. "तू स्वतः आण."

आणला. अर्धा पेला प्यायले. नवव्या दिवशी गेले.

मी खात्याच्या कचेरीत गेले आणि नव्या साहेबांना सगळं सांगितलं. म्हटलं, परवाना काढून घ्या, पण कागदावर त्यांचा आळस लिहिलाय तो खोडा. साहेब भला माणूस होता. त्याने मला पाणी दिलं, आणि म्हणाला, "बाई, मजूर वारला, फाइल बंद झाली. आता त्यात काही लिहिता येत नाही."

दादांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. पाऊस थांबला, तसं मी पहार घेऊन कड्यावर गेले. माझी पावलं दादांपेक्षा लहान, म्हणून आठांऐवजी दहा मोजली. तिसरा दगड हलता हलेना. खांदा लावून ढकलत होते, तेवढ्यात बसगाडी आली. लोक टपरीसमोर जमले, आणि कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, चहा मिळेल का? दगड काय, नंतर हलवा!"

मी पहार पुन्हा दगडाखाली घातली.

"उशीर लागेल," मी म्हटलं. "हा धरून अजून एकोणीस दगड राहिलेत."