एका कानासाठी इंदूर

मी निघालो तेव्हा सुमन भिंतीकडे तोंड करून पडली होती. "इंदूरहून काय आणू?" असं मी विचारलं, तर न वळता म्हणाली, "काही नको, दादा." आईने डोळ्यांनीच मला जायला सांगितलं.

सुमन माझी धाकटी बहीण, सतरा वर्षांची. खुब्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी तिला कमरेपासून पायापर्यंत प्लॅस्टरमध्ये घातलं होतं. त्याला सहा महिने होऊन गेले होते आणि अजून किती, हे कोणी सांगत नव्हतं. पुण्याजवळच्या लोणीत आमचं दोन खोल्यांचं घर, वीज अजून गावात यायची होती. मग मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एक रेडिओ जुळवला. तारेचं वेटोळं, एक चमकता खडा आणि त्या खड्यावर टेकणारी केसासारखी तार, एवढाच त्याचा संसार. त्याला वीज लागत नाही की बॅटरी लागत नाही, हवेतून जे येतं त्यावरच तो बोलतो. फक्त इतकं बारीक बोलतो, की हेडफोन कानाला लावल्याशिवाय काही ऐकू येत नाही.

कचेरीतल्या एका मित्राने त्याचे हेडफोन एका संध्याकाळपुरते दिले होते. ती संध्याकाळ सुमनने डोळे मिटून ऐकण्यात घालवली. मध्येच ओठ हलवत होती, मध्येच प्लॅस्टरवर बोटांनी ठेका धरत होती. सकाळी मी ते परत नेले आणि त्या दिवसापासून तिने भिंतीकडे तोंड केलं. चव दाखवून ताट उचललं होतं मी, आणि ते मला सारखं टोचत होतं.

नवे हेडफोन माझ्या रेल्वेच्या कारकुनीत परवडणारे नव्हते. पण इंदूरच्या मावसभावाने, वसंतदादाने, पत्रात लिहिलं होतं की महूच्या छावणीतलं पलटणींचं जुनं सामान लिलावात निघतं आणि ते इंदूरला विकायला येतं, त्यात कानाला लावायची यंत्रंही असतात. रेल्वेचा पास होता आणि चार दिवसांची रजा मिळाली. रेडिओचा डबा पिशवीत घालून मी कल्याणची गाडी धरली.

खंडव्याला लहान रुळांच्या गाडीत बसलो आणि तिथून पुढे प्रवासाचा वेगच बदलला. नर्मदा ओलांडून गाडी घाटाला लागली तेव्हा नुकतं उजाडत होतं. सागाच्या पानांवर धुकं होतं आणि इंजिन इतकं सावकाश चढत होतं, की उतरून शेजारून चालावं आणि पुन्हा चढावं. दरीतून कुठून तरी पाण्याचा आवाज येत होता, पाणी मात्र दिसत नव्हतं. समोर बसलेल्या मालवी बाईंनी पदराआडून मला निरखलं आणि विचारलं, "ऐसे आँख मींच के क्या सुन रहे हो भैया?" मी म्हणालो, "बहिणीसाठी ऐकून ठेवतोय." त्यांना मराठी समजलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी आपल्या कडेवरच्या पोराला गप्प केलं. बोगद्यात शिरलो की सगळे आवाज डब्यात कोंडले जात, बाहेर आलो की मोकळे होत. मला झोप लागली असावी, कारण महू कधी आलं आणि गेलं ते आठवत नाही.

इंदूरच्या स्टेशनवर वसंतदादा उभा होता. कापड मिलमध्ये तो हिशेबनीस आहे. त्याचे वडील नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. घरी नेण्याआधी त्याने मला एका दुकानासमोर उभं केलं. पोहे आले, त्यावर शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा आंबटतिखट मसाला) आणि शेजारी गरम जिलबी. मी बाजाराची गोष्ट काढली तशी तो म्हणाला, "अरे भिया, आधी खाऊन तर घे. हेडफोन कहीं भागे नहीं जा रहे." इंदूरला ही रीतच आहे. कामाची गोष्ट भरल्या पोटीच निघते आणि घाई दाखवणारा माणूस थोडा अडाणी समजला जातो. पोह्यांबरोबर जिलबी खायची हे मला आधी विचित्र वाटलं, दुसऱ्या बशीला वाटलं नाही.

परदेशीपुऱ्यात शिरोळे नावाच्या गृहस्थांचं दुकान होतं. त्यांचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते. हे मात्र लग्नाकार्यात गाणी वाजवण्याचा धंदा करत आणि महूच्या लिलावातलं सामानही विकत. दुकानात मोठमोठे कर्णे टांगलेले, आवाज मोठा करणारी चकाकत्या पट्टीची यंत्रं मांडलेली आणि एका पेटीत तबकड्या उभ्या लावलेल्या. शिरोळे पन्नाशीचे, धिप्पाड, उजव्या कानाशी केस झिजलेले. मंडपात एक गाणं चालू असताना ते दुसरी तबकडी एका कानाशी ऐकून तयार ठेवत, म्हणून ते केस गेलेले, असं वसंतदादाने सांगितलं.

"बोला, काय सेवा करू?" शिरोळे म्हणाले. वसंतदादाने हेडफोन म्हटल्यावर ते माझ्याकडे वळले. "हेडफोन कशासाठी पाहिजेत, ते आधी सांगा."

आता इथे मी जे केलं, त्याला मूर्खपणाच म्हणावं लागेल. पिशवीत बिस्किटाचा डबा होता. समोर ती चकाकती यंत्रं होती. मला डबा काढण्याची लाज वाटली आणि मी पुणेरी ताठ्यात म्हणालो, "घरच्या रेडिओसाठी."

"मोठा सेट?"

"हो, मोठाच आहे."

त्यांनी कपाटातून एक जोडी काढली. काळी कुळकुळीत, कानाला मऊ चामडं, वर पोलादी पट्टी. यंत्राला जोडून माझ्या डोक्यावर चढवली आणि तबकडी लावली. सनई सुरू झाली. ती दुकानात वाजत नव्हती, माझ्या डोक्याच्या आत वाजत होती. रस्त्यावरून टांगा गेला तो मुका गेला, वसंतदादाचे ओठ हलत होते आणि शब्द नव्हते. सुमनला हे मिळणार, एवढंच माझ्या मनात येत राहिलं. मी तिथल्या तिथे जोडी घेतली.

संध्याकाळी वसंतदादाच्या गॅलरीत आम्ही कपडे वाळवायच्या दोरीबरोबर लांब तार ओढली, दुसरी तार पाण्याच्या नळाला बांधली. रेडिओचं केंद्र याच शहरात होतं, म्हणजे आवाज खणखणीत यायला हवा होता. मी हेडफोन चढवले. काहीच नाही. खड्यावरची तार हलवली, पुन्हा हलवली. श्वास रोखला की अगदी लांब काहीतरी आहे असा भास होई आणि श्वास सोडला की तेही जाई.

"खराब है क्या?" वसंतदादाने विचारलं.

"सकाळी तर वाजत होते."

शांतावहिनी, त्याची बायको, दारात उभी होती. माझं तोंड बघून तिने ताटात एक पोळी जास्त वाढली. जेवताना मला सारखी सुमनची पाठ दिसत होती. दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती आणि गाठीला होते ते पैसे त्या काळ्या जोडीत गेले होते.

सकाळी वहिनी म्हणाली, "भाऊजी, खजरान्याच्या गणपतीला चला ना. दुकान दहाच्या आधी खुलतच नाही." शेतांमधून जाणारा रस्ता, फुलांची नि लाडवांची दुकानं, आणि दगडी पायऱ्यांवर कोवळं ऊन. गणपतीच्या पाठीमागच्या भिंतीवर शेंदराची उलटी स्वस्तिकं काढलेली होती. वहिनीने समजावलं, "मागणं मागायचं अन् उलटं काढायचं. पूरं झालं की परत येऊन सरळ काढायचं. बिना सरळ केलं नाही चालत हं."

मी बोट शेंदरात बुडवलं. गर्दीतून घंटेचा नाद येत होता, उदबत्तीच्या धुराने डोळे चुरचुरत होते, आणि मी मागितलं काय, तर हेडफोन. बहिणीचा पाय मागायला हवा होता. बाहेर पडल्यावर हे लक्षात आलं आणि मी पायरीवरच बसलो. वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "देवाला समजतं हो, चला आता." मला मात्र काही बरं वाटलं नाही.

वसंतदादाबरोबर दुकानात गेल्यावर मी बिस्किटाचा डबा काळ्या जोडीसकट शिरोळ्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी झाकण उघडलं. बराच वेळ आत बघत राहिले. मला वाटलं आता हसतील.

"हे तुम्ही बनवलंत?"

"हो."

"मग काल का नाही दाखवलंत, भिया? पहले बताना था ना." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "मी इतका चांगला माल दिला, अन् तुमच्या काही कामाचाच नाही. काल सनई ऐकली ना तुम्ही, ती ताकत माझ्या यंत्राची होती. या डब्यात ताकत किती? मुंगीएवढी. तिला जाड तारेचा हेडफोन नाही हलत. बारीक तार पाहिजे, हजारो वेढे. दिसायला भिकार असेल, पण कान तेज पाहिजे."

मी डब्यामागची सगळी हकीकत सांगितली, सुमनची पाठसुद्धा. ऐकता ऐकता त्यांनी काळी जोडी परत कपाटात ठेवली आणि कोपऱ्यातलं पोतं ओढलं. महूच्या लिलावातलं कबाड (मोडतोडीचं सामान) होतं ते. त्यांनी गल्ल्यातून भोकाचा जुना तांब्याचा पैसा काढला, एका हेडफोनची एक तार त्याच्या भोकातून गुंडाळली आणि म्हणाले, "पैसा जिभेवर धरा, कानाला हे लावा. आता दुसरी तार जिभेला टेकवा."

"जिभेला?"

"पैसा एक धातू, तार दुसरा, मधल्या ओलाव्यात थोडीशी वीज होते. तेवढ्यावर ज्याने टक् केलं, तो तुमच्या डब्याचा."

मग आम्ही दोघं ओटल्यावर (दुकानापुढच्या कट्ट्यावर) बसलो. एक एक हेडफोन काढायचा, पुसायचा, पैसा जिभेवर धरायचा. तांब्याची कडवट चव तोंडात भरली. प्रत्येक हेडफोनमध्ये वेगळी शांतता होती. काहींत माझ्याच रक्ताची घुमघुम ऐकू येई, काहींत तेही नाही. कुठल्या कुठल्या शिपायांच्या कानांना लागलेले होते ते, कुठल्या रानात, कुठल्या डोंगरावर. मिलचा भोंगा झाला, माणसं डबे घेऊन पुढून गेली, आमच्याकडे बघून हसली. मी जीभ बाहेर काढून बसलो होतो आणि मला वेळेचं भान नव्हतं. वसंतदादा मात्र घड्याळ बघत होता.

पोतं तळाला आलं तेव्हा एक टक् ऐकू आलं. अगदी बारीक, कोणीतरी नखाने दार वाजवावं तसं. मी पुन्हा टेकवलं. पुन्हा टक्. मी ओरडलोच.

पण ती जोडी नव्हती. एक कान बोलत होता, दुसरा मेलेला होता, आणि डोक्यावरची पट्टी तुटलेली. दुकानात खिळ्याला शिरोळ्यांची स्वतःची जोडी टांगलेली होती, बारीक तारेची. माझी नजर तिकडे गेली ती त्यांनी पाहिली.

"लग्नसराई आहे, नाहीतर दिली असती," ते म्हणाले. मग मेलेला कान कात्रीने कापून बाजूला केला. "एकच घेऊन जा. मी सांगतो ते ऐका. एकदा मंडपात मी दोन्ही कान झाकून पुढची रेकॉर्ड ऐकत बसलो. बाहेर कर्णा बंद पडला, मला पत्ताच नाही. नवरीची बिदाई झाली, रडणं झालं, सारा मंडप खाली झाला, अन् मी आपला मान हलवतोय! तेव्हापासून एक कान लोकांसाठी उघडा ठेवतो."

काळ्या जोडीचे पैसे त्यांनी पुरते परत केले, आणि त्या एका कानाचे घेतले ते नावाला. "वाजला की पत्र टाका," एवढंच म्हणाले.

घरी शांतावहिनीने जुन्या महेश्वरी लुगड्याचा काठ फाडून दहा मिनिटांत त्याला पट्टा शिवला. धावत स्टेशन गाठलं. परतीच्या घाटात ऊन कलत होतं आणि या वेळी पाणी दिसलं. मी तो कान पट्ट्याने बांधूनच झोपलो. समोरच्या माणसाला वाटलं असावं, मला कानदुखी आहे. त्याने लवंगेचं तेल देऊ केलं.

घरी पोचलो तेव्हा सुमन तशीच होती. मी तार लावली, काठाचा पट्टा तिच्या डोक्यावरून नेला आणि खड्यावरची तार हलवत राहिलो. तिचे खांदे आधी ताठ होते. मग सैल झाले. मग प्लॅस्टरसकट हळूहळू ती वळली. किती दिवसांनी तिचा चेहरा समोरून पाहत होतो मी! आई ओट्याशी पदर तोंडाला लावून उभी राहिली.

रेडिओ फक्त तिलाच ऐकू येत होता. पण दुसरा कान मोकळा होता, म्हणून मी तिला सगळं सांगत बसलो. घाट, जिलबी, जिभेवरचा पैसा. ती हसली, माझी जीभ बघायची म्हणाली. शेवटी खजरान्याचं स्वस्तिकही सांगितलं आणि तिचा पाय मागायचा सोडून हेडफोन मागितला, हेही सांगून टाकलं.

ती थोडा वेळ ऐकत राहिली, रेडिओ की मला, कळलं नाही.

"मागणं पूर्ण झालं ना? मग ते सरळ काढायला हवं," ती म्हणाली. "तू एकटा जाऊ नकोस, दादा. मी येणार. तोवर राहू दे उलटं."

सहा महिन्यांत कुठे जायचं असं ती पहिल्यांदाच बोलली होती. मग तिने बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं, कारण गाणं लागलं होतं.

हे लिहितोय तेव्हा खजरान्याच्या भिंतीवरचं माझं स्वस्तिक उलटंच आहे. पुढच्या महिन्यात प्लॅस्टर काढायचं म्हणतात, पुढे काय ते डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. शिरोळ्यांना पत्र टाकलं. आणि आज कचेरीत इंदूरच्या पासाचा अर्ज दिला, या वेळी त्यावर दोन नावं घातली आहेत.